क्लिक करायला जागा

आमची मुलगी सातव्या महिन्यातच जन्माला आली. तेव्हा घरात पाळणा नव्हता, झबली-टोपडी नव्हती आणि नागपूरला माझ्या आईच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसाही नव्हता. व्हिसाच्या मुलाखतीची वेळ आम्ही डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून मागे मोजून, चांगली ऐसपैस घेतली होती. हे सगळं प्लॅनिंग माझं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. मुलीने ते वाचलेलं नव्हतं. आई फोनवर आधी रडली, मग नाक पुसून तिने मला मेथीच्या लाडवांची कृती सांगायला सुरुवात केली. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभा राहून सगळ्याला हो हो म्हणत होतो आणि त्यातलं एक अक्षरही डोक्यात जात नव्हतं.

दोन हजार सातचा ऑगस्ट होता आणि गाव होतं ॲरिझोनातलं चँडलर. तिथला उन्हाळा असा, की नागपूरच्या माणसानेही हात टेकावेत. पण हॉस्पिटलात इतकं गार असायचं की बायको ऑगस्टातही स्वेटर घालून बसायची. मुलगी काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, पायाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा बांधलेला, आणि अंग एवढंसं की माझी अंगठी तिच्या मनगटावरून सहज वर सरकली असती. हात कोपरापर्यंत धुवायचे, मग पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घालायचं. ती ते बोट धरायची. आम्हाला तेवढंच करता येत होतं.

नाही, आणखी एक करता येत होतं, पण ते फक्त बायकोला. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की एवढ्या लहान बाळाला आईच्या दुधासारखं औषध नाही. ती दूध पचवायला लागली, वजन वाढलं आणि श्वास घ्यायला विसरेनाशी झाली, की घरी न्या. म्हणजे सगळं गाडं दुधावर येऊन थांबलं. बायको दर थोड्या वेळाने पंप घेऊन पडद्यामागे जायची आणि छोट्या बाटलीत तळाला जेमतेम ओल आणून परत यायची. नर्स प्रेमाने म्हणायची, व्हेरी गुड, मॉम. बायको माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

दूध कुठून येणार होतं? तिच्या पोटात काही जात नव्हतं. कॅफेटेरियातलं थंड सँडविच तिला बघवत नव्हतं. चहा आणि टोस्ट, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. मी घरून डबा न्यायचो. मला खिचडी येते. तिखट खिचडी, पातळ खिचडी आणि लागलेली खिचडी, असे माझे प्रकार. चौथ्या-पाचव्या डब्यानंतर तिने झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाली, भूक नाही. ती खोटं बोलत नव्हती. काळजीने भूक मरते, आणि मेलेली भूक माझ्या खिचडीने जिवंत होणार नव्हती.

आता कोणी म्हणेल, चँडलरमध्ये एवढी मराठी माणसं, ती काय करत होती? तर ती फोन करत होती. आमच्या आजूबाजूच्या अपार्टमेंटांत चिप बनवणाऱ्या कारखान्यांतले इंजिनियर आणि माझ्यासारखे कंत्राटी प्रोग्रामर मिळून बरीच मराठी घरं होती. सगळ्यांचे फोन आले. सगळे म्हणाले, "काही लागलं तर सांगा हं." आणि मी सगळ्यांना म्हणालो, हो, नक्की, सध्या काही नको.

हा आमच्या घराण्याचा गुण. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आम्ही पटाईत. माझ्या वडिलांचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा शेजाऱ्यांनी भाजी आणून देऊ का विचारलं, तर वडील म्हणाले होते, कशाला, मी निघालोच आहे बाजारात. ते पलंगावरून हलू शकत नव्हते. आम्हाला हा किस्सा लहानपणी विनोद म्हणून सांगितला जायचा, पण शिकलो आम्ही तो धडा म्हणून. शिवाय मनात एक हिशेबही असतो: त्यांनाही नोकऱ्या आहेत, मुलं आहेत, विचारलं ते तोंडदेखलं असणार, आपण कशाला कुणाच्या गळ्यात पडायचं?

रजा संपली होती. माझा अमेरिकन टीम लीड भला माणूस. त्याने सांगितलं, ऑफिसला येऊ नकोस, हॉस्पिटलातून जमेल तेवढं कर. त्यामुळे मी पेटीजवळ बसायचो नाहीतर बाहेरच्या वेटिंग रूममध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन. काम होतं एका सुट्या भागांच्या कंपनीचं. त्यांच्या गोदामातल्या लोकांसाठी आम्ही वेब ॲप्लिकेशन करत होतो. प्रत्येक मालापुढे एक शेरा असायचा, खोका फाटलाय, वरच्या फळीवर हलवला, वगैरे. तो शेरा बदलायचा तर पूर्वी दुसऱ्या पानावर जावं लागे. आम्ही जे नवं जावा फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा आयता सांगाडा, घेतलं होतं, त्यात एक तयार कंपोनंट होता. दिसायला साधा मजकूर, पण त्यावर क्लिक केलं की त्याचं टेक्स्ट फील्ड व्हायचं. लिहा, बाहेर कुठेही क्लिक करा, सेव्ह. पान पुन्हा लोड होत नाही, बटण नाही, काही नाही. आज याचं कुणाला काय वाटणार? पण त्या काळी मी ते पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा शेजारच्याला बोलावून दाखवलं होतं.

आणि गोदामातून तक्रार आली, की शेरा मेला. कुणीतरी जुना शेरा पूर्ण खोडून बाहेर क्लिक केलं होतं. त्यानंतर तिथे नवीन काही लिहिताच येईना. मी तासभर डेटाबेस तपासला, लॉग तपासले. सगळं ठीक. बायको पंपाचं काम उरकून माझ्या शेजारी येऊन बसली. पुण्यात ती टेस्टर होती, माझ्यापेक्षा जास्त पगाराची. इथे डिपेंडंट व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती, पण डोळा गेलेला नव्हता. तिने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, एक शेरा खोडला, बाहेर क्लिक केलं, मग त्या जागेवर माउस फिरवला.

"रिकामं झालं की त्याला रुंदीच राहत नाही," ती म्हणाली. "फील्ड आहे रे तिथे. पण दिसत नाही, क्लिक करायला जागा नाही. माणूस कुठे क्लिक करणार?"

बरोबर होतं. मी म्हटलं, रिकामं असेल तेव्हा तिथे काहीतरी डिफॉल्ट मजकूर दाखवायला हवा. ती म्हणाली, हो. मग लॅपटॉप माझ्या मांडीवर परत ठेवत, आवाज न चढवता म्हणाली, "आपल्या घराचंही तेच झालंय. लोक येतात, माउस फिरवतात आणि जातात. तू त्यांना क्लिक करायला जागाच ठेवत नाहीस."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. मी कोणाचा मिंधा नाही वगैरे दोनतीन वाक्यं तोंडात तयार होती. पण तिच्या हातात ती छोटी बाटली होती, आणि तिच्या तळाला जे होतं ते मला दिसलं.

मी त्या फ्रेमवर्कचं डॉक्युमेंटेशन उघडलं. कंपोनंट रिकामा असेल तर काय दाखवायचं, हे सांगणारी एक मेथड त्यात आधीपासूनच होती. ज्याने कोणी हे लिहिलं, त्या अनोळखी प्रोग्रामरने हा विचार माझ्या आधी केला होता, की रिकाम्या जागेलाही हात ठेवण्यापुरती जागा हवी. त्याचे मी तेव्हा मनातल्या मनात आभार मानले, आणि आता उघडपणे मानतो. गोदामाचं काम दहा मिनिटांत झालं. मग मी त्याच कंपोनंटचं दुसरं पान केलं. वर बाळाच्या तब्येतीची एक ओळ. खाली एकेक वार आणि प्रत्येक वारापुढे एक फील्ड. रिकाम्या फील्डमध्ये काय दाखवायचं यावर मी बराच वेळ घालवला. 'मदत हवी आहे' लिहिलं आणि खोडलं. माझ्या बोटांना ते जमेना. शेवटी बायको म्हणाली, सरळ लिही ना, 'आज डबा नाही'. मी तेच लिहिलं.

तिकडे जॉर्जियातल्या अल्फारेटात कॉलेजचा एक मित्र होता, त्याच्या सर्व्हरवर पान चढवलं. लिंक फक्त एकाच घरी पाठवली. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मुलगा-सुनेकडे राहणाऱ्या एक काकू होत्या. साताऱ्याकडच्या शाळेतल्या निवृत्त बाई, अजूनही सगळ्यांशी वर्गात बोलावं तशा बोलायच्या. त्यांच्या मुलाला लिंक पाठवली आणि लॅपटॉप मिटून टाकला. परीक्षेचा निकाल बघायला छाती होत नाही, तशी माझी गत होती.

काकूंनी लिंक घरोघर पोचवली असणार, कारण दुपारी पान उघडलं तर आठवड्यातल्या एकाही वारापुढे 'आज डबा नाही' राहिलेलं नव्हतं. कुणी देवनागरीत, कुणी रोमन लिपीत: methi bhakri, शेपूची भाजी, khaskhas kheer. शेपू इथल्या दुकानात माशांवर भुरभुरवायला दोन बोटांची जुडी मिळते. तिची भाजी करायची म्हणजे त्या माउलीने दुकानातला सगळा शेपू उचलला असणार. बाळंतिणीला लागतं ते सगळं होतं: अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, बाळंतशोपा. मी वाचत गेलो आणि बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, शेपू. एवढाच शब्द, पण भूक लागल्यासारखा.

आता एक गंमत सांगतो. मी पानावर नावाचा रकानाच केलेला नव्हता. सुचलंच नाही. आणि कुणीही आपणहून नाव लिहिलं नाही. लिहायला काय हरकत होती? फील्डमध्ये भरपूर जागा होती. पण 'शेपूची भाजी, अमुक यांच्याकडून' असं लिहिणं म्हणजे मिरवणं, असं प्रत्येकाला वेगवेगळं वाटलं असावं. उन्हामुळे डबे बर्फाच्या पेटीत ठेवून दाराशी सोडून जात. अमेरिकेत त्या पेटीला कूलर म्हणतात. नागपूरच्या माणसाला कूलर म्हटलं की खिडकीतली वाळ्याची पेटी आठवते, पण तेव्हापासून मला तो शब्द ऐकला की भाकरी आठवते. दुसऱ्या दिवशी रिकामे डबे त्याच पेटीत बाहेर ठेवायचे, ते नाहीसे व्हायचे. कोण नेतं, कोण आणतं, पत्ता नाही. आणि जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेही लवकरच कळलं. 'फक्त वरण-भात, साधंच' असं ज्या दिवशी लिहिलेलं असेल, त्या दिवशी पेटीचं झाकण बसत नसे.

बायको जेवायला लागली. वेटिंग रूममध्ये मांडीवर टॉवेल पसरून बाजरीची भाकरी कुस्करून खायची. आजूबाजूला लसणाचा असा घमघमाट, की एक नर्स येऊन विचारून गेली, हे काय आहे आणि कुठे मिळतं. बाटलीतली ओल हळूहळू बाटलीतलं दूध झाली. नळीतून मुलीच्या पोटात जाणारं दूध वाढलं, आणि वजनाचा काटा खाली जायचा थांबला.

मग एका शुक्रवारी दाराशी दोन पेट्या आल्या. पानावर लिहिलं होतं 'वरणफळं'. एका पेटीत वरणफळं होती. दुसरीत मटणाचं अळणी, म्हणजे मसाला न घातलेलं मटणाचं पाणी, कोल्हापूरकडे बाळंतिणीला ताकदीसाठी देतात ते. मला वाटलं, कुणाला राहवलं नसेल. बायकोने दोन्ही खाल्लं. लग्नानंतर सावजी मटणाची भक्त झालेली ती, अळणी तर तिने वाटीला तोंड लावून संपवलं.

पण पुढच्या आठवड्यात अळणी लिहिलं गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वजन कमी वाढायला लागलं होतं असं नाही, पण बायको दोनदा म्हणाली, ते पाणी पुन्हा मिळालं असतं तर. मी लॉग, म्हणजे पानावर केव्हा काय लिहिलं गेलं त्याच्या नोंदी, उघडून बघितले. त्या शुक्रवारी सकाळी कुणीतरी 'मटणाचं अळणी' लिहून सेव्ह केलं होतं. त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या घरी ते पान आधीपासून उघडं होतं, आणि त्या पानावर अजून 'आज डबा नाही' असंच दिसत होतं. त्या दुसऱ्या व्यक्तीने तिथे 'वरणफळं' लिहिलं, बाहेर क्लिक केलं. शेवटी लिहील त्याचं टिकेल, असा माझा कोड. अळणी पुसलं गेलं, आणि कुणालाच काही कळलं नाही. म्हणजे लिहिणाऱ्या बाईंना एवढंच दिसलं, की आपण मटण लिहिलं आणि पुढच्या क्षणी तिथे वरणफळं आलं.

आपल्या माणसांना हे दिसलं की त्याचा काय अर्थ लागतो, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पंगतीत कोण काय खातो आणि कोण कुणाच्या हातचं खातो, हे आपण साता समुद्रापार बरोबर घेऊन आलेलो असतो, सुटकेसमध्ये तळाला.

आमच्यात कोल्हापूरचं एकच घर होतं, मागच्या इमारतीत. मी गेलो. अमेरिकेत आल्यापासून न सांगता कुणाच्या दारावर थाप मारायची माझी ती पहिली वेळ. त्या घरच्या वहिनींनी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मी विषय काढला तर म्हणाल्या, "जाऊ द्या की भाऊजी. मटण लिवलं म्हणून काढलं असंल कुणीतरी. बाळंतिणीचा डबा, त्यात सोवळंओवळं असतंय एकेकाचं. केलेलं होतं म्हणून दाराशी ठेवून आले, परत नाही लिवलं."

मी म्हणालो, वहिनी, कोणी काढलं नाही. माझ्या कोडने खाल्लं.

"तुमचं कोड मटण खातंय?"

त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. दोन खिडक्यांत तेच पान उघडलं. एकीत लिहिलं, दुसरीत लिहिलं, पहिलं कसं नाहीसं होतं ते दाखवलं. त्यांनी नीट बघितलं. मग टेबलावरचा माझा पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मला कळलं की पुरावा पुरेसा नाही. पुराव्याने एवढंच सिद्ध झालं होतं, की या वेळी कुणी काढलं नव्हतं. मनात जे खुपलं होतं ते जुनं होतं, माझ्या पानाच्या कितीतरी आधीचं. त्याला माझ्याकडे दुरुस्ती नव्हती. माझ्याकडे होतं ते एकच वाक्य, आणि ते आमच्या घराण्यात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं.

"आम्हाला तुमचं अळणी हवंय, वहिनी," मी म्हणालो. "ती मागतेय. मी मागायला आलोय."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. उठून फ्रीज उघडला आणि मला विचारलं, दर शुक्रवारी चालेल का, की मंगळवारी पण करू?

पान मी त्याच दिवशी दुरुस्त केलं. सेव्ह करताना आधी बघायचं, की या माणसाला जे दाखवलं होतं तेच अजून तिथे आहे का. मधल्या वेळात कुणी काही लिहिलं असेल तर ते पुसायचं नाही, दोन्ही ठेवायचं. कॉलेजात शिकवलेलं असतं हे, पण आपल्या पोटाशी आल्याशिवाय कोण करतो? वरणफळं लिहिणाऱ्या होत्या काकू, हे पुढे त्यांनीच सांगितलं. झालेला प्रकार त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्या हादरल्याच. अंडंसुद्धा न खाणाऱ्या काकूंनी वहिनींना फोन केला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण पुढच्या शुक्रवारी पानावर एकाच फील्डमध्ये होतं: 'मटणाचं अळणी. सोबत भाकरी मी देते, वेगळ्या डब्यात.'

सप्टेंबर संपताना मुलीला जंतुसंसर्ग झाला. जी नळी निघाली होती ती परत बसली. डॉक्टर 'बघू' असं म्हणायला लागले, आणि डॉक्टरांचा तो शब्द मला कुठल्याही भाषेत आवडत नाही. आम्ही घरी जायचो नाही, पेटीजवळच आळीपाळीने बसायचो. मी पानावरची तब्येतीची ओळ बदलली नव्हती. काय लिहिणार? पण लोकांनी दाराशी न उचललेले डबे पाहिले असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सवयीने पान उघडलं. त्या दिवसाच्या फील्डमध्ये पदार्थ नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'हॉस्पिटलच्या खाली रिसेप्शनवर डबा ठेवलाय. फोन करणार नाही, वर येणार नाही. दोघांनी खा.'

मी खाली गेलो. पिशवीत गरम मुगाचं कढण, भात आणि लिंबाची फोड होती. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, कोण देऊन गेलं. ती म्हणाली, अ लेडी. मी वर आलो आणि आम्ही दोघांनी पेटीकडे बघत, एकाच डब्यातून ते खाल्लं. बायको जेवता जेवता रडली आणि रडता रडता जेवली. मग पडद्यामागे पंप घेऊन गेली. त्या दिवशीही तिला दूध आलं. ते मुलीला लगेच देता येत नव्हतं, नर्सने ते गोठवून ठेवलं आणि म्हणाली, शी विल नीड इट. मुलगी बरी होणार, असं धरून चालणारी ती पहिली व्यक्ती.

आणि खरंच लागलं ते. संसर्ग उतरला, नळी निघाली, गोठवलेलं दूध कामी आलं. ऑक्टोबर संपत आला तेव्हा ती माझ्या छातीवर झोपण्याएवढी झाली होती, आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. फक्त एक अट: हिवाळाभर घरात पाहुणे नकोत. साध्या सर्दीनेही तिला परत इथे यावं लागेल.

म्हणजे ज्यांनी तिला वाढवलं त्यांनाच ती बघता येणार नव्हती. मला ते फार लागलं. बायकोने मात्र घरी पोचल्याबरोबर लॅपटॉप मागितला आणि त्या दिवसाच्या फील्डमध्ये स्वतः लिहिलं: 'आलो. आत कुणाला घेता येत नाही. संध्याकाळी पॅटिओच्या काचेशी या, दाखवते.'

आमचं घर तळमजल्यावर होतं, आणि बैठकीच्या खोलीला बाहेर उघडणारं मोठं काचेचं दार होतं. तोवर उन्हाळा सरला होता, संध्याकाळ छान होती. मला वाटलं चारपाच घरं येतील. लॉन भरून गेलं. त्यांतल्या निम्म्या लोकांशी मी कधी बोललोही नव्हतो. एक दाढीवाला तरुण मुलगा होता, एकटा राहणारा. त्याने काय केलं असेल? एक आजोबा कुणाच्या तरी हाताला धरून आले होते. मी प्रत्येकाच्या हातांकडे बघत होतो. यातल्या कुठल्या हातांनी शेपू निवडला, कुठल्या हातांनी भाकरी थापली, मुगाचं कढण हॉस्पिटलपर्यंत न सांडता कोणी आणलं, हे मला कधीच कळणार नव्हतं. हे उपकार फेडण्यासारखे नव्हते. खरं सांगायचं तर फेडावेत असंही वाटेनासं झालं होतं. काही उपकारांखाली माणसाने आयुष्यभर राहावं, तिथे सावली असते.

बायकोने मुलीला दुपट्यात गुंडाळून काचेशी उचलून धरलं. बाहेर सगळ्यांनी माना उंचावल्या. वहिनींनी पुढे होऊन बाहेरूनच दोन्ही हात ओवाळले आणि कानशिलांवर बोटं मोडली. आवाज आत आला नाही, पण मोडलेली दिसली.

काकू सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मुलीला डोळे भरून बघितलं, मग नजर माझ्या बायकोवर नेली, मग माझ्यावर. त्यांनी उजव्या हाताची पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया उंचावल्या. जेवलात का?

आम्ही जेवलो होतो. वाटेत थांबून, पोटभर, दोघंही.

मी काचेतून त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही. काकू लगेच वळल्या आणि गर्दीतून वाट काढत डबा आणायला घराकडे निघाल्या.